वहीबाहेरची बालवाडी

जून-जुलैतल्या पहिल्या पालकसभेत बालवाडीच्या ताईंना एक प्रश्न हमखास येतो : "लिहायला कधी घेणार?" मूल तेव्हा चार वर्षांचं असतं, कधी साडेतीनचंच. विचारणाऱ्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण शाळेत मूल काय शिकतं हे कळायला त्यांच्या हाती दुसरं काहीच नसतं. मूल घरी येऊन सांगतं ते डब्यात कुणाच्या काय होतं आणि कुणी कुणाला ढकललं एवढंच. वही मात्र दिसते. तिच्यात तारीख असते, लाल शाईची खूण असते, 'छान' असा शेरा असतो, आणि आजी-आजोबांना ती उघडून दाखवता येते. शाळांनाही हे पक्कं ठाऊक आहे. म्हणून ज्युनिअर केजीतच चौकटीची, दुरेघी आणि चाररेघी अशा वह्यांचा गठ्ठा येतो, आणि जी ताई मनातून त्याच्या विरोधात असते तीही दुपारपर्यंत पंचवीस वह्यांत ठिपके काढून ठेवते, गिरवायला. माझं म्हणणं असं की बालवाडीत काय शिकून झालं याचा सर्वांत कच्चा पुरावा ही वहीच आहे. या वयातलं खरं शिक्षण कागदावर फारसं उमटत नाही. पण त्यातलं बहुतेक घरात, रोजच्या कामांत आणि बोलण्यात वाढवता येतं. कुटुंबाची सगळ्यांत मोठी मदत म्हणजे आधी वहीचा आग्रह सोडणं.

ते शिक्षण पाहायचं असेल तर मणी ओवणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या हातांकडे बघावं. सुरुवातीला दोन्ही हात एकदमच हलतात. मणी दोऱ्याकडे जातो, दोरा मण्याकडे, आणि दोघांची भेट होत नाही. काही आठवड्यांनी एक हात स्थिर राहायला शिकतो आणि दुसरा काम करतो. दोऱ्याचं टोक भोकातून जेमतेम डोकावलं की खरी अडचण येते : आता ते पलीकडून ओढायचं, म्हणजे आधीची चिमटी सोडायची, आणि सोडताना मणी घसरू द्यायचा नाही. जीभ बाहेर आलेली असते, श्वास धरलेला असतो. एका हाताने धरायचं आणि दुसऱ्याने करायचं, ही वाटणी पुढे लिहिताना लागते. ती जमली नसेल तर कागद सरकत राहतो आणि अक्षर त्याच्या मागे धावतं. कागद फाडणं, चिकणमातीचे साप वळणं, कातर चालवणं या सगळ्यांत हाच अभ्यास निरनिराळ्या अंगांनी होतो. कातरीत तर मिटण्यापेक्षा उघडणं अवघड असतं, हे मोठ्यांच्या लक्षातही येत नाही. आणि या सगळ्याच्या आधी खांदा येतो. हाताचा ताबा साधारणपणे खांद्याकडून बोटांकडे उतरत जातो, त्यामुळे झोपाळ्याची साखळी घट्ट धरणं, दांड्याला लोंबकळणं, पाण्याची छोटी बादली उचलणं हीसुद्धा लेखनाची तयारीच असते. ज्याचा खांदा अजून स्थिर नाही असं मूल अख्खा हात फिरवून लिहितं, पेन्सिल मुठीत आवळतं आणि दर दोन ओळींना टोक मोडतं. त्याला आपण आळशी म्हणतो.

मनगटाच्या हाडांचा एक मुद्दा व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरत असतो. मनगटातली आठ छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि एकेक करून टणक होत जातात, हे खरं आहे. चार वर्षांच्या मुलाची त्यातली निम्मीच साधारण तयार असतात. पण म्हणून 'सहा वर्षांच्या आत पेन्सिल देऊच नका' हा निष्कर्ष ओढूनताणून काढलेला आहे. रेघोट्या मारायला मूल दीड वर्षाचं असल्यापासून तयार असतं आणि त्या त्याने मनमुराद माराव्यात. भरवशाचा पुरावा आकारांचा आहे. समोरचा आकार पाहून काढण्याचा क्रम बहुतेक मुलांत सारखा आढळतो : तीन वर्षांच्या आसपास गोल, चारच्या सुमारास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, पाचनंतर त्रिकोण, आणि पतंगासारखा तिरपा चौकोन सहा-सातला. तिरपी रेघ उशिरा येते. आता 'अ' बघा. डावीकडे तीनच्या आकड्यासारखा वळसा, मधली जोडरेघ, उजवीकडे दंड, वर शिरोरेघ. चार वेगळ्या हालचाली, त्याही नेमक्या जागी एकमेकींना भेटायला हव्यात. ज्याला अजून चौकोनाचा कोपरा वळता येत नाही त्याच्याकडून आपण हे पानभर मागतो. त्यापेक्षा ग, म, भ, न असा क्रम लावण्याची आपली जुनी रीत शहाणी होती, कारण त्यात एका आकारातून पुढचा निघतो. आणि धूळपाटी तर त्याहून शहाणी, कारण बोटाने लिहिताना पेन्सिल पकडण्याचं वेगळं संकट नसतं. घरात परातीत रवा पसरला की धूळपाटी तयार होते.

आकड्यांच्या बाबतीत फसगत आणखी सोपी आहे. पाहुणे आले की "शंभरपर्यंत म्हणून दाखव" होतं, आणि मूल धडाधडा म्हणतंही. त्याच मुलापुढे सात चिंचोके ठेवून मोजायला सांगा. ते बोट लावत सातपर्यंत बरोबर जाईल. मग विचारा, "किती आहेत?" अनेक मुलं उत्तर देत नाहीत, पुन्हा एकपासून मोजायला लागतात. "मला चार दे" म्हटलं तर मूठभर देतात. मोजताना उच्चारलेला शेवटचा शब्द हा सगळ्या ढिगाचा आकडा असतो, ही गोष्ट त्यांना अजून उमगलेली नसते. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ साली मोजणीची तत्त्वं वेगवेगळी करून मांडली, त्यांत हे एक होतं. एका वस्तूला एकच शब्द, शब्दांचा क्रम न बदलणं, ही त्याच्या जोडीची. जाँ पियाजे यांनी दाखवलं होतं की मुलाच्या डोळ्यांदेखत मण्यांची रांग नुसती लांब पसरली तरी चार वर्षांचं मूल "आता जास्त झाले" म्हणतं. शंभरची घोकंपट्टी यांतलं काहीच शिकवत नाही. दोन जेवायला बसणाऱ्यांना किती वाट्या, आणि आजोबा आले तर किती, हा प्रश्न मात्र शिकवतो, कारण इथे चुकलं तर कुणाच्या तरी पुढ्यात वाटी नसते.

मराठीत तर शंभरची घाई दुप्पट गैरसोयीची आहे. आपण लिहितो आधी दशक आणि म्हणतो आधी एकक. त्यात एकोणतीस, एकोणचाळीस अशी नावं पुढच्या दशकाची. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'साठी 'वीस एक' अशी वाचनाची पद्धत सुचवली तेव्हा मोठा गदारोळ झाला. त्या वादात कुणाची बाजू घ्यावी हा प्रश्न बाजूला ठेवू. पण जी अडचण दुसरीतल्या मुलांची म्हणून एवढी चर्चा झाली, ती आपण साडेचार वर्षांच्या मुलावर बिनदिक्कत लादतो. बालवाडीला वीसपर्यंत पुष्कळ झाले, तेही हातात वस्तू घेऊन. घरी सापशिडी असेल तर ती काढावी. रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांना एक ते दहा अशा सरळ रांगेतल्या घरांचा साधा खेळ पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळायला दिला, आणि कोणता आकडा मोठा, कोणता किती दूर, याची त्यांची समज लक्षणीय सुधारली. त्यांच्या पुढच्या कामातून निघालेली एक बारीक गोष्ट घरच्यांच्या उपयोगाची आहे. सोंगटी चारवर असेल आणि दोन पडले तर मुलाने "एक, दोन" म्हणायचं नाही. "पाच, सहा" म्हणत सरकायचं. एवढ्याने फरक पडतो.

आता उलट बाजूचा आक्षेप. खेळलं की गणित आपोआप येतं, असं म्हणणारे लोक आहेत, आणि त्यांचाही पाय थोडा घसरतो. दिल्लीत 'प्रथम' या संस्थेच्या बालवाड्यांमध्ये संशोधकांनी मुलांना संख्या आणि आकारांचे खेळ काही महिने खेळवले. त्याचा अहवाल २०१७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आला. अंदाजाने कमी-जास्त ओळखण्यासारखी मुलांची समज वाढली, वर्षभरानंतरही टिकली. शाळेतल्या आकड्यांच्या आणि बेरजेच्या गणितात मात्र त्यांना टिकाऊ फायदा झाला नाही. मला हा निकाल खेळाच्या विरोधातला वाटत नाही. खेळ आणि चिन्ह यांच्यामध्ये कुणीतरी दुवा जोडावा लागतो, असं तो सांगतो. ताईने ठोकळे मोजून झाल्यावर '५' असं लिहिलेलं कार्ड त्यांच्याशेजारी ठेवणं, आईने कुकरच्या शिट्ट्या मोजताना "तीन झाल्या, अजून एक, म्हणजे?" असं थांबणं, बसचा नंबर वाचायला लावणं. हा दुवा मोठ्या माणसाच्या बोलण्यातूनच येतो. खेळाचा डबा मुलापुढे ठेवून मोबाइलकडे वळणाऱ्या पालकाला म्हणूनच त्यातून फार काही मिळत नाही.

बोलण्याचा विषय इथेच निघाला आहे तर त्यावर जरा रेंगाळतो, कारण माझ्या मते बालवाडीचं सर्वांत मोठं काम तेच आहे आणि सर्वांत कमी मोजलं जातं. गोष्ट सांगणारी चांगली ताई मध्येच थांबते. "मग उंदराने काय केलं असेल?" दहा उत्तरं येतात, त्यांतली आठ अशक्य असतात, आणि ती सगळी ऐकून घेतली जातात. "असेल" हा शब्द वापरून अजून न घडलेल्याबद्दल बोलणं हे साडेचार वर्षांच्या मुलासाठी मोठं बौद्धिक काम आहे. पुढे पुस्तक वाचून समजण्याचा पाया तिथे पडतो. कानाचा अभ्यासही असाच, दिसत नाही. बडबडगीतातली यमकं पकडणं, टाळीगणिक शब्द तोडणं, नावाचं पहिलं अक्षर ओळखणं. आपली लिपी अक्षरागणिक चालते आणि भेंड्यांचा खेळही शेवटच्या अक्षरावरच चालतो, त्यामुळे प्रवासात पोरांशी साध्या शब्दांच्या भेंड्या खेळणाऱ्या आजीने वाचनपूर्व तयारीचा एक अख्खा घटक घेतलेला असतो, फी न घेता. याउलट "धिस इज ॲन ॲपल" म्हणणाऱ्या मुलाला "सफरचंद कापलं की काळं का पडतं?" हे कुठल्याच भाषेत विचारायची सवय नसेल, तर त्याचं इंग्रजीही पुढे तिथेच अडणार.

इंग्रजी माध्यमात घातलंय म्हणून घरीही मोडकंतोडकं इंग्रजी बोलणाऱ्या पालकांची तळमळ खरी आहे, पण त्यात मुलाला मिळणारी भाषा आई-वडिलांकडे असलेल्या भाषेपेक्षा कितीतरी दरिद्री होते. हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात मेळघाटातल्या कोरकू, पालघरमधल्या वारली किंवा खानदेशातल्या अहिराणी बोलणाऱ्या घरांना लागू आहे. तिथे शाळेची मराठी हीच दुसरी भाषा असते. "घरी शुद्ध बोला" हा त्यांना दिला जाणारा सल्ला मला निर्दयी वाटतो. घरच्या भाषेत भरपूर बोललेलं मूल शाळेची भाषा लवकर उचलतं. गप्प केलेलं मूल दोन्हीकडे गप्प बसतं.

हे सगळं सुखवस्तू, परदेशी कल्पनांचं फॅड आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला बोर्डीची आठवण करून द्यावी लागते. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरच्या 'दक्षिणामूर्ती' संस्थेत मॉन्टेसरी पद्धतीवर काम केलं होतं. पण १९४५ मध्ये त्या ठाणे जिल्ह्यातल्या (आताच्या पालघरमधल्या) बोर्डीला आल्या तेव्हा महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हती आणि मुलं बालवाडीपर्यंत येतही नव्हती. त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. शिंपले, बिया, पानं, माती हेच साधनसाहित्य झालं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडला गेलं आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. ज्या घरांत वहीसुद्धा नव्हती तिथे ही पद्धत रुजली. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा देशभर पसरलं ते अंगणवाडी हे नाव. त्यातला शिकवण्याचा भाग पोषण, वजन आणि नोंदवह्यांच्या ओझ्याखाली दबत गेला. तो दबणं अटळ नाही. तामिळनाडूत काही अंगणवाड्यांना फक्त बालशिक्षणासाठी अर्धवेळ जादा कार्यकर्ती दिली गेली. शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा आणि गणित सुधारलं, आणि मूळ सेविकेला वेळ मिळाल्याने कुपोषणही कमी झालं. 'अंगणवाडीत नुसती खिचडी मिळते' म्हणून परवडत नसताना खाजगी केजीची फी भरणाऱ्या पालकांनी गावातल्या अंगणवाडीसाठी जादा मदतनीस मागितली, तर ती मागणी जास्त फळाला येईल.

सर्वांत वजनदार आक्षेप पहिलीचा आहे. "तुम्ही म्हणता ते बरोबर, पण पहिलीत गेल्यावर शिक्षक फळ्यावरून उतरवून घ्यायला लावतात, तेव्हा आमचंच मूल मागे पडेल." ही भीती खोटी नाही. पहिली बदलत नाही तोवर बालवाडीवर दबाव राहणारच. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा केला तो याचसाठी, की पहिली-दुसरी बालवाडीकडे झुकावी. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बालवाडीच पहिलीकडे झुकते आहे. पण लवकर सुरुवात केल्याने मूल पुढे राहतं का? न्यूझीलंडमध्ये सेबास्टियन सुगेट यांनी पाचव्या वर्षी वाचन सुरू केलेली आणि सातव्या वर्षी सुरू केलेली मुलं तपासली. अकराव्या वर्षाच्या आसपास दोघांच्या वाचनात फरक उरला नव्हता. दोन्हीकडची घरं हुबेहूब सारखी नसतात, तेव्हा याला अंतिम शब्द मानू नये. अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मात्र प्रवेश चिठ्ठ्या टाकून दिले गेले होते, त्यामुळे तुलना अधिक नेटकी होती. तिथे सरकारी पूर्वप्राथमिक वर्गात गेलेली मुलं सहावीपर्यंत न गेलेल्यांच्या मागे पडल्याचं २०२२ मध्ये दिसलं. कारणांवर वाद चालू आहे. पण 'काहीतरी लवकर शिकवलेलं बरंच' हे गृहीतक त्याने नक्कीच डळमळतं. शिवाय शेजारच्या मुलाशी तुलना करताना एक हिशेब विसरला जातो : एकाच वर्गात जवळजवळ वर्षाच्या अंतराची मुलं असतात, आणि पाच वर्षांच्या मुलासाठी एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा भाग.

दुसरा आक्षेप वेळेचा. दोघं नोकरी करतात, किंवा आई चार घरची कामं करून संध्याकाळी येते. मुलाबरोबर 'ॲक्टिव्हिटी' कधी करायची? करूच नये. मूल बालवाडीत जे शिकतं त्यासाठी घरात वेगळा तास लागत नाही, त्याला चालू कामात घ्यावं लागतं. मटार सोलणं, गवार मोडणं, लसणाच्या पाकळ्या सुट्या करणं, मेथी निवडणं, धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावणं, कपड्यांचे चिमटे दाबून दोरीला लावणं. पाच वर्षांचं मूल हे करू शकतं, आणि चिमट्याने जितका व्यायाम बोटांना होतो तितका गिरवण्याने होत नाही. काम दुप्पट वेळ खातं, हे कबूल. मेथीचे देठ भाजीत येतात. तेवढा वेळ रोज नसेल तर आठवड्यातून दोनदा पुरे. डब्याचं झाकण आणि बुटाचा पट्टा मात्र रोज मुलानेच लावावा. बालवाडीत आपली पाळी येईपर्यंत थांबणं, आपला डबा आपण उघडणं, "मला जमत नाहीये" असं रडण्याऐवजी सांगणं यांत ताईचा निम्मा दिवस जातो. घरी भरवणं, चढवणं, पुसणं चालू असेल तर ती शिकवणूक रोज संध्याकाळी पुसली जाते.

महाराष्ट्रात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे पहिलीत येणाऱ्या मुलांकडून रेषेवरून चालून घेतात, वस्तूंचे गट करायला लावतात, चित्राबद्दल बोलतं करतात, आणि घरी काय करता येईल याची कार्डं पालकांना देतात. वहीखेरीज मुलाला कसं पाहावं याचा एवढा सोपा नमुना सरकारी कामात क्वचितच सापडतो. त्यातून वस्तीवस्तीत गट बनले ते मात्र 'माता गट'. बापांनी कुठे जायचं हे ठरलेलं दिसत नाही. रविवारी इस्त्रीचे कपडे मोजून देणं, स्कूटर धुणं, किराणा सामान डब्यांत भरणं ही बऱ्याच घरांत बापाची कामं असतात, आणि मोजणं, ओतणं, पिळणं, जास्त-कमी ठरवणं त्यांत खच्चून भरलेलं आहे.

पुढच्या पालकसभेत ताईंना विचारायला याहून उपयोगी प्रश्न आहेत. वर्गात मुलं किती आणि मोठी माणसं किती? दिवसातून किती वेळ मूल जागेवर बसलेलं असतं? कातर, माती, मणी मुलांच्या हाताला पोचतील अशा ठिकाणी आहेत की निरीक्षण करायला साहेब येणार तेव्हाच कपाटातून निघतात? माझं मूल वर्गात कुणाशी बोलतं, आणि कोणत्या भाषेत? यांची उत्तरं ज्या ताईकडे तयार असतात तिच्या वर्गात सिनिअर केजीच्या दुसऱ्या सत्रापर्यंत बहुतेक मुलं आपल्या चित्राखाली आपलं नाव लिहायला मागतात. एखादं अक्षर उलटं असतं, वेलांटी भलतीकडे वळलेली असते. तेव्हा त्यांना पेन्सिल कशी धरायची ते दाखवावं.